वेगळ्या माणसांवर प्रेम कसं करायचं? सोलापुरातल्या ख्रिस्ती घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा एकाच रिक्षा स्टँडवर ऐकू येतात. बाजारात, यंत्रमागावर, दवाखान्याच्या रांगेत सगळे एकमेकांशी बोलतात. पण कुणाच्या घरचं पाणी प्यायचं, कुणाला खोली भाड्याने द्यायची, कुणाची पोरगी सून म्हणून आणायची, असा विषय निघाला की जो तो आपापल्या गल्लीत परततो. ख्रिस्ती घरंही त्यातून सुटलेली नाहीत. महिला मंडळात, तरुण संघात, घरगुती प्रार्थनेनंतर चहा घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, ते इथे घेतले आहेत. सोबत दिलेले शास्त्रभाग स्वतः काढून वाचावेत, ही विनंती.

माझ्या मनात कुणाबद्दलही द्वेष नाही. मग मला पूर्वग्रह कसा असेल?

द्वेष नसतानाही पूर्वग्रह असतो. माणूस भेटायच्या आधीच तो कसा असणार हे ठरवून मोकळं होणं, एवढंच त्याला पुरतं. आपल्या घरात शोधायचा असेल तर छोट्या गोष्टी पाहा. कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवला आहे का? नवीन ओळख झाली की आडनाव ऐकेपर्यंत जीव खालीवर होतो का? भाडेकरू विचारायला आला की पहिला प्रश्न भाड्याचा असतो की खाण्यापिण्याचा?

योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात नथनेल भेटतो. हा कपटी माणूस नाही, असं येशू स्वतः त्याच्याबद्दल सांगतो. तरी येशूचं गाव कळल्याबरोबर नथनेल विचारतो, की नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का? (योहान १:४६) म्हणजे मनाने सरळ असलेल्या माणसाच्या तोंडूनही असं वाक्य सहज निघतं. त्याला ही बातमी सांगणारा शिष्य फिलिप त्याच्याशी वाद घालत नाही. ‘येऊन पाहा’ एवढंच म्हणतो, आणि नथनेल उठून जातो. त्याचं हे उठून जाणं मला फार मोलाचं वाटतं.

पण काही मतं अनुभवावरून बनतात. ‘त्या वस्तीतली पोरं चोरच असतात’ हे लोक उगाच म्हणतात का?

सोलापूरकराने हा प्रश्न विचारताना आपल्या शहराचा इतिहास आठवावा. इंग्रज सरकारने १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला. बाळ पाळण्यात असतानाच गुन्हेगार ठरायचं. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या लोकांना तारेच्या कुंपणात डांबून ठेवलं जाई आणि दिवसातून ठरावीक वेळी हजेरी घेतली जाई. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. तिथल्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा शिक्का पुसला गेला आणि या जमाती विमुक्त झाल्या.

कुंपण गेलं, पण शेजाऱ्यांच्या बोलण्यातून शिक्का गेला नाही. गल्लीत सायकल हरवली की आजही आधी कुणाकडे बोट जातं ते आपल्याला ठाऊक आहे. ज्याला तुम्ही अनुभव म्हणता त्यातला किती भाग तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे आणि किती आजोबांकडून ऐकलेला, हे एकदा प्रामाणिकपणे वेगळं काढा. एका माणसाने फसवलं असेल तर त्या एकाबद्दल सावध राहणं योग्यच आहे. त्याचं ओझं त्याच्या सगळ्या जातीवर टाकायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

बायबलमध्ये या विषयावर सर्वांत स्पष्ट शिकवण कुठे आहे?

मी प्रत्येकाला आधी प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० वाचायला सांगते. आपल्याकडच्या शिवाशिवीशी इतका जवळचा दुसरा शास्त्रभाग नसेल.

येशूचा यहूदी शिष्य पेत्र तेव्हा यापो गावात, शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला आहे. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा धंदा यहूदी चालीप्रमाणे विटाळाचा. म्हणजे पेत्राची एक भिंत पडलेली आहे. दुसरी, यहूदी नसलेल्यांना दूर ठेवण्याची, अजून उभी आहे. दुपारी गच्चीवर प्रार्थना करताना त्याला दृष्टांत होतो. आकाशातून चार कोपरे धरलेलं मोठं कापड उतरतं, त्यात निषिद्ध प्राणी असतात आणि ‘मारून खा’ असा आवाज येतो. निषिद्ध असं काही मी कधीच खाल्लं नाही, असं म्हणून पेत्र नकार देतो. हे तीनदा होतं. देवाचा आवाज ऐकूनही तीनदा नकार! लहानपणापासून अंगात मुरलेली चाल माणसाला देवासमोरही नाही म्हणायला लावते.

दृष्टांत संपतो तेव्हाही पेत्राला अर्थ कळलेला नसतो. तेवढ्यात खाली दारात माणसं येतात. कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीने ती पाठवलेली असतात. पेत्र त्या परक्यांना घरात घेतो, मुक्कामाला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला निघतो. अर्थ त्याला उमगतो तो कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकल्यावर: कोणत्याही माणसाला अपवित्र म्हणू नये, हे देवाने आपल्याला दाखवलं, असं तो तिथे बोलतो (१०:२८). आधी मन स्वच्छ होऊ दे, मग जाईन, असा विचार करत तो गच्चीवर बसून राहिला असता तर कर्नेल्याचं घर त्याने कधी पाहिलंच नसतं.

पुढचा अध्यायही वाचावा. यरुशलेमेत परतल्यावर त्याचेच लोक त्याला जाब विचारतात, आणि त्यांची तक्रार काय आहे? तू त्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास! उपदेश केलास, याबद्दल कुणाची हरकत दिसत नाही. जेवलास, ही हरकत आहे.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आम्ही शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गापासून, ऐकतो. त्यात आणखी काय शिकायचं राहिलं?

ती गोष्ट आपण बहुधा ‘गरजूंना मदत करा’ एवढ्यावर सोडून देतो. पण लूक १०मध्ये ऐकणारे यहूदी होते आणि वाटेत जखमी पडलेल्याला हात देणारा शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या लोकांतला होता. त्या श्रोत्यांना स्वतःची जागा शोधायची तर ती खाली पडलेल्याच्या जागी होती: ज्याची सावली नको, त्याच्या हातून तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या स्वीकारायच्या. मदत करताना आपण वरच राहतो. मदत घेताना खाली यावं लागतं, आणि पूर्वग्रहाला तेच सोसत नाही.

योहान ४मध्येही हेच. विहिरीवर थकून बसलेला येशू शोमरोनी बाईला आधी उपदेश करत नाही, तो तिच्याकडे पाणी मागतो. आपण यहूदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता, असं तीच विचारते. पाण्यावरून माणसं कशी तोडली जातात हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्या शोमरोनी गावात येशू पुढे दोन दिवस राहिला (४:४०). दोन दिवस म्हणजे त्यांच्याच घरचं जेवण, त्यांच्याच घरचं अंथरूण.

आमच्या मंडळीतच, म्हणजे चर्चच्या लोकांतच, जात पाहतात. मग बाहेर प्रेमाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

हा प्रश्न तरुण मुलंमुली सर्वांत जास्त विचारतात, आणि तो टाळण्यात मंडळीचं मोठं नुकसान आहे.

टीका नवी नाही. १ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सोलापुरातच ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले होते. ख्रिस्ताबद्दल त्यांनी आदराने उल्लेख केला. त्याचबरोबर दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्येही जातिभेद पाळतात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. बाप्तिस्मा घेतला म्हणून जात आपोआप गळून पडत नाही, हे त्यांना दिसत होतं. आपल्याकडेही पूर्वजांची मूळ जात कुजबुजत विचारली जाते, स्थळ पाहताना तर उघड विचारली जाते. चर्चचा कारभार पाहणारे पंच निवडताना गट पडतात. हे आहे, आणि ते पाप आहे. ‘चाल’, ‘रीत’, ‘समाजाचा दबाव’ अशी सौम्य नावं त्याला देऊ नयेत.

पहिल्या मंडळ्यांतही हे शिरलं होतं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत असे. यरुशलेमेहून काही माणसं आली, तसा तो घाबरून बाजूला झाला. हाच पेत्र, ज्याने ते कापड पाहिलं होतं! त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला. पौलाने पेत्राला सगळ्यांदेखत अडवलं (गलतीकरांस पत्र २:११–१४). एकांतात बोलून मिटवता आलं असतं, पण पंगत सगळ्यांसमोर मोडली होती. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर आपल्या चर्चच्या दारातच घडतो, असं वाटावं. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तिकडे उभा राहा’.

भाषेचा भेद हवा असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ आहे. यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. सात जण निवडायला लावले, आणि त्या साताही जणांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तिमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच भाषेतल्या नावांच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. मराठी उपासनेला येणाऱ्या एखाद्या तेलुगू कुटुंबाला मागच्या बाकावर वर्षानुवर्षं बसवून ठेवण्यापेक्षा त्यांच्यातल्या कुणाला तरी पंच मंडळात घ्या. शास्त्रवाचन कधी तेलुगूतून, कधी कन्नडमधून होऊ द्या.

आम्ही नाताळात वस्तीत कपडे आणि फराळ वाटतो. ते प्रेम नाही का?

चांगलं काम आहे, थांबवू नका. पण वाटताना फोटो काढला आणि त्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नसेल, तर अंतर होतं तेवढंच राहिलं.

सोलापूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या, १९००च्या दुष्काळातही आणल्या. संस्कृत पंडित म्हणून गाजलेली ब्राह्मण घरातली ही बाई. हव्या असत्या तर नावाजलेल्या सभा तिच्यासाठी होत्या. तिने नाना जातींच्या, आजारी, अंध मुलींना घर दिलं आणि स्वतः त्यांच्यात राहिली. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय झाली. वाटप करून संध्याकाळी परत जाणं आणि त्याच छपराखाली राहणं, यांतला फरक केडगावात समजतो.

मुलाने दुसऱ्या जातीची मुलगी पसंत केली आहे. दोघंही ख्रिस्ती आहेत. घरात रडारड आहे. शास्त्र काय सांगतं?

दोघांचा विश्वास एक असेल तर जातीवरून अडवायला शास्त्रात आधार नाही. ‘विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका’ (२ करिंथकरांस ६:१४) हे वचन जातीसाठी पुढे करतात. ते विश्वासाबद्दल आहे, जातीबद्दल नाही.

उलट गणना १२ उघडून पाहा. मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम आणि अहरोन त्याच्याविरुद्ध बोलू लागले. देवाचा कोप मोशेवर झाला नाही, मिर्यामेवर झाला. तिच्या अंगावर कोड उठलं आणि सात दिवस तिला छावणीबाहेर राहावं लागलं. रूथ मवाबी होती. तरी तिच्या वंशात दावीद झाला आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आदराने लिहिलेलं आहे.

आईवडिलांना मात्र एक सांगायचं आहे. लोक काय म्हणतील ही भीती खरी असते, तिची टिंगल करू नये. पाळकांनी अशा घरी आधी जावं, लग्न लागल्यावर फोटोपुरतं नाही. मंडळीतल्या पाचसहा घरांनी नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं की नातेवाइकांचं बोलणं पुष्कळ उतरतं.

आजीचं वय झालं आहे. ती आता बदलणार आहे का?

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण घ्या. नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, १० फेब्रुवारी १८९५ रोजी ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळंओवळं कसोशीने सांभाळलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू त्यांच्याच मनात प्रश्न उठत गेले, जातीची बंधनं सुटत गेली आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात नाना जातींची मुलं वाढली.

तेव्हा आजीला चर्चेत हरवायला जाऊ नका. तुमच्या मैत्रिणीला घरी आणा, आजीजवळ बसवा, तिच्या हातची शेंगाचटणी आजीला चाखू द्या. पण आजी त्या मैत्रिणीला लागेल असं बोलली तर गप्प बसू नये. नम्रपणे, तिथल्या तिथे सांगावं. आजीचा मान राखायचा म्हणून पाहुणीचा अपमान गिळायला लावणं हा न्याय नाही.

दुसऱ्या धर्माच्या लोकांवर प्रेम करायचं म्हणजे त्यांना ख्रिस्ती करायचं का?

नाही. शोमरोन्याने जखमी माणसाला धर्म विचारला नाही. सराईवाल्याला पैसे देऊन, परत येताना उरलेले देईन म्हणून तो निघून गेला. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, त्यांतला एकच परत आला, बाकीच्या नवांचं बरं होणं काढून घेतलं नाही (लूक १७).

आपला विश्वास कुणी विचारला तर आनंदाने सांगावा, लपवू नये. पण शेजारी आजारी आहे म्हणून डबा नेताना मनात दुसरा हिशेब असेल तर तो त्याला कळतो, आणि मैत्री संपते. सक्तीने धर्म बदलायला लावणं कायद्याच्याही विरुद्ध आहे, आणि सक्ती काय किंवा आमिष काय, दोन्ही ख्रिस्ताच्या स्वभावाच्या विरुद्ध आहेत.

शेजाऱ्यांच्या सणाला जावं का? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, ईदला?

शेजाऱ्याच्या आनंदात सहभागी व्हायला घरी जा, शुभेच्छा द्या, जेवा. पूजेत भाग घ्यायचा की नाही हा विवेकाचा प्रश्न आहे. पौलाने १ करिंथकरांस, अध्याय ८ ते १०मध्ये तो सविस्तर घेतला आहे. नम्रपणे ‘मी हात जोडत नाही, पण आलोय मनापासून’ असं सांगितलं तर समजूतदार शेजारी रागावत नाहीत.

लोक आम्हांलाच परके समजतात. आधी त्यांनी बदलावं, असं वाटणं चूक आहे का?

वाटणं चूक नाही. ‘मिशनचे’ म्हणून टोमणे, घर भाड्याने देताना नकार, हे अनेकांनी सोसलं आहे, आणि ते दुखतं. पण जे प्रीती करतात त्यांच्यावरच प्रीती केलीत तर त्यात विशेष काय, असं येशू विचारतो (मत्तय ५:४६–४७). वाट पाहत बसायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्वतः सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं लवकर ओळखता येतं. ज्या बाईला आडनावावरून खोली नाकारली गेली, तिने आपली खोली भाड्याने देताना तेवढं आठवावं.

जो छळ करतो त्याच्यावरही प्रेम करायचं म्हणजे सगळं सहन करायचं?

नाही. मारहाण, जातिवाचक शिवीगाळ, वाळीत टाकणं याविरुद्ध तक्रार करणं हे प्रेमाच्या आड येत नाही. अस्पृश्यता राज्यघटनेच्या कलम १७ने बंद केली आहे. जातपंचायतीने किंवा समाजाने बहिष्कार घातला तर महाराष्ट्रात २०१७पासून सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पौलाने स्वतः आपल्या रोमी नागरिकत्वाचा आधार घेतला होता (प्रेषितांची कृत्ये २२). मनात सूड ठेवू नये, पण तक्रारअर्ज जरूर द्यावा.

लेकरांना हे कसं शिकवायचं?

लेकरं आपलं बोलणं कमी आणि आपल्या घरी कोण येतं ते जास्त पाहतात. त्यामुळे पहिलं उत्तर तुमच्या पाहुण्यांच्या यादीत आहे.

गोष्टी सांगायच्या तर सोलापूर पुरेसं आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे आपले चार हुतात्मे. १९३०च्या लष्करी कायद्यानंतर त्यांच्यावर खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात त्यांना फाशी दिली गेली. चार आडनावं वाचली तरी मुलांना कळतं की ही माणसं एका जातीची, एका धर्माची नव्हती. डॉ. द्वारकानाथ कोटणीसही सोलापूरचेच. १९३८मध्ये ते चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांचं स्मारक मुलांना दाखवून आणा. हे लोक ख्रिस्ती नव्हते. शब्बाथ शाळेत ही नावं घ्यायला त्यामुळे अडचण वाटू नये. येशूनेही उदाहरण म्हणून शोमरोनीच निवडला होता.

नेमकी सुरुवात कुठून करू?

एका घरापासून. ‘समाज’ किंवा ‘सगळे धर्म’ यांच्यापासून करू नका. गल्लीतलं किंवा कामावरचं एक कुटुंब मनात घ्या, ज्यांच्या घरी तुम्ही आजवर गेलेला नाहीत. त्यांची नावं माहीत करून घ्या आणि रोजच्या प्रार्थनेत नावानिशी घ्या. मग त्यांच्याकडे काहीतरी मागा: शिलाई मशीनची सुई, पोराला गणित शिकवायला तासभर, तेलुगूतलं पत्र वाचून दाखवायला मदत. देण्याआधी मागा, येशूने विहिरीवर केलं तसं. बोलावलं तर जा, चहा दिला तर प्या, जेवायचा आग्रह झाला तर बसा. अवघडल्यासारखं होईल, पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं. पुढच्या वेळी त्यांना आपल्याकडे बोलवा आणि ताटं तीच काढा जी पाळक आल्यावर काढता.

मी ख्रिस्ती नाही. अशा प्रार्थनेला किंवा जेवणाला आलो तर चालेल का?

या. बहुतेक मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला कुणीही येऊन बसू शकतं. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, त्या वेळी आपल्या जागी शांत बसलं तरी चालतं. पण उपासनेनंतरचा चहा आणि सणाची पंगत सगळ्यांसाठी असते. ओळखीचं कुणी नसेल तर दारात उभ्या असलेल्यांना नाव सांगा, ते तुम्हाला आपल्या शेजारी बसवून घेतील.